‘कर्ज’ची धून: ऐकायची कशी, वाजवायची कशी

जुलै संपत आला की नागपुरात सभागृहाची तारीख मिळणं कठीण होतं. 31 जुलै रफींचा स्मृतिदिन, 4 ऑगस्ट किशोरकुमारचा जन्मदिवस. या चार-पाच दिवसांत लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, शंकरनगरचं साई सभागृह, सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह, सगळीकडे हौशी कराओके ग्रुप आणि जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांची गर्दी असते. अशा कार्यक्रमासाठी ‘कर्ज’ फार सोयीचा सिनेमा आहे. रफींचं ‘दर्द-ए-दिल’ आणि किशोरची ‘ओम शांति ओम’, ‘पैसा ये पैसा’, ‘एक हसीना थी’ अशी सगळी गाणी एकाच तबकडीवर मिळतात. सिनेमा 11 जून 1980 रोजी आला आणि त्याच 31 जुलैला रफी गेले. त्यामुळे ‘दर्द-ए-दिल’ त्यांच्या शेवटच्या मोठ्या गाण्यांत मोजलं जातं. निवेदकांच्या वहीत ही माहिती आता कायमचीच आहे.

‘एक हसीना थी’ मात्र स्टेजवर बहुतेक वेळा फसतं. गाणारे चांगले असतात, गिटारवालाही चांगला असतो, तरी फसतं. कारण हे गाणं ‘ओम शांति ओम’चं भावंड समजून नाचाच्या अंगाने केलं जातं. प्रत्यक्षात ती एक उलटतपासणी आहे आणि आरोपी समोर पहिल्या रांगेत बसलेली आहे. हे लक्षात ठेवूनच साज बसवला पाहिजे.

सिनेमा पुन्हा एकदा नीट पाहा, पण या वेळी फक्त या गाण्यातल्या गिटारच्या धुनेच्या मागे जा. रवी वर्मा (राज किरण) सर जुडाविरुद्ध कोर्टात जिंकून वडिलांची इस्टेट परत मिळवतो. कामिनीशी (सिमी गरेवाल) लग्न करतो. ती जुडाचीच माणूस असते आणि देवीच्या देवळाजवळ, घाटात, ती रवीवर जीप घालते. पुढे मॉन्टी (ऋषी कपूर) हा लोकप्रिय गायक गिटारवर एक धून वाजवू लागतो आणि त्याला न पाहिलेलं घर, देऊळ, एक बाई दिसू लागते. डॉक्टर होतात, तपासण्या होतात आणि मग उटी. मॉन्टीकडे पुरावा म्हणून कागद नाही, साक्षीदार नाही, फक्त ही धून आहे. ती कामिनीला ओळखीची आहे आणि मेलेल्या नवऱ्याखेरीज ती कुणाला ठाऊक असणं तिला परवडणारं नाही. एरवीच्या सूडपटात डाग, लॉकेट किंवा अर्धा फाटलेला फोटो जे काम करतो, ते इथे सुरावटीकडे दिलं आहे.

गाण्यावर ओळख टांगायची युक्ती तशी नवी नव्हती. 1973 च्या ‘यादों की बारात’मध्ये तीन भाऊ लहानपणीच्या गाण्यावरून एकमेकांना सापडतात. पण तिथे गाणं जोडण्याचं काम करतं. ‘कर्ज’मध्ये ते अडकवण्याचं काम करतं, आणि हा फरक मोठा आहे. ‘यादों की बारात’चं शीर्षकगीत तुम्ही थोडं सजवून गायलंत तरी चालतं, भावांना ते कळतंच. ‘कर्ज’ची धून प्रत्येक वेळी जशीच्या तशी यायला हवी. सुराला सूर जुळला नाही तर ओळखपरेड फसली.

सिनेमातला दुसरा तपशील संगीताच्या माणसाने सोडू नये, तो म्हणजे सर जुडा. प्रेमनाथ यांचा हा खलनायक बोलत नाही. तो ग्लासवर बोटं वाजवतो आणि बाजूचा माणूस त्याचं भाषांतर करतो. म्हणजे नायकाच्या वाट्याला शब्दाविना सूर आला आहे आणि खलनायकाच्या वाट्याला शब्दाविना ताल. पटकथा सचिन भौमिक यांची, संवाद राही मासूम रझा यांचे. ही कल्पना कागदावर कुणी मांडली ते असो, पण एवढी संगीतमय खलभूमिका हिंदीत दुसरी पटकन आठवत नाही. हेडफोन लावून जुडाचे प्रसंग ऐका, ग्लासचे ठोके पार्श्वसंगीतात कसे मिसळतात ते कळेल.

कथेचं मूळ 1975 च्या ‘द रीइन्कार्नेशन ऑफ पीटर प्राउड’ या अमेरिकी चित्रपटात आहे. तिथे शेवटी नायक त्याच बाईच्या हातून दुसऱ्यांदा मरतो. सुभाष घईंनी ते उलटं केलं. आई (दुर्गा खोटे) जिवंत ठेवली, देवी आणली आणि हिशेब पुरा केला. आपल्याकडे पुनर्जन्म झाला तो पुन्हा मरण्यासाठी, हे पटवणं अवघडच होतं. 1958 च्या ‘मधुमती’पासून आपला प्रेक्षक पुनर्जन्माच्या गोष्टीत न्याय झालेला पाहायला सरावलेला होता.

आता धुनेकडे. रेकॉर्डिंगमध्ये ही गिटार गोरख शर्मा यांनी वाजवली आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे भाऊ. या जोडीचा वाद्यवृंद प्रचंड असायचा, व्हायोलिनची भिंतच उभी करायचे. इथे मात्र एकच वाद्य पुढे ठेवून बाकीचे मागे उभे केले आहेत. हीच रचना स्टेजवर जपायची. कीबोर्डवाल्याने धून डबल करायचा मोह आवरावा. गिटारवर कीबोर्डमधला गिटारचाच पॅच (तयार आवाज) वाजला की दोघांच्या सुरांतला बारीक फरक कानाला टोचतो आणि धून पातळ होते. कीबोर्डने स्ट्रिंग्ज लांब धरून ठेवाव्यात, तेही गिटारच्या खालच्या सप्तकात.

वाजवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, सरावाआधी मूळ रेकॉर्डची पट्टी ट्यूनरवर तपासा. इंटरनेटवरच्या जुन्या गाण्यांच्या कित्येक प्रती टेपवरून उतरवताना वेग कमी-जास्त झालेल्या असतात. वेग 6 टक्के बदलला की सूर जवळजवळ एक अर्धस्वर, म्हणजे 100 सेंट, सरकतो. 3 टक्के बदलला तरी 50 सेंट, म्हणजे दोन पट्ट्यांच्या अगदी मध्ये. अशा प्रतीवर सराव केला की घरी सगळं जुळतं आणि स्टेजवर कीबोर्ड ठरलेल्या 440 हर्ट्झच्या पट्टीला लागलेला असल्यामुळे सगळं बेसूर वाटतं. एखादा लांब धरलेला सूर पकडा, ट्यूनर किती सेंट वर-खाली दाखवतो ते पाहा आणि प्रत दुरुस्त करून घ्या. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे. मात्र ‘स्पीड’ बदला, नुसता ‘पिच’ नाही, कारण मूळ चूक वेगाची आहे.

दुसरी, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि कंप. आपल्या गिटारवाल्यांना प्रत्येक लांब सुरावर बोट हलवायची सवय असते. इथे सूर सरळ धरा, कंप फक्त ओळीच्या शेवटच्या सुरावर आणि तोही उशिरा. पहिल्यांदा धून वाजते तेव्हा तिसऱ्या सुरावर जी मींड घेतली असेल, तीच दुसऱ्यांदा आणि शेवटीही त्याच जागी हवी. वर म्हटलं तेच कारण. प्रेक्षकाला धून आधीपासून पाठ आहे. बदल केला की तो खूश होत नाही, चूक समजतो.

तिसरी, एको, म्हणजे प्रोसेसरच्या डिलेने थोड्या उशिराने पुन्हा वाजणारा सूर. बऱ्याच गिटारवाल्यांच्या प्रोसेसरवर डिलेचा आकडा कायम तोच असतो, गाणं कुठलंही असो. लय मोजून घ्या. 15 सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा, तो झाला मिनिटाचा वेग. 60,000 ला त्या आकड्याने भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. वेग 100 असेल तर 600 मिलिसेकंद. त्याचा पाऊणपट, म्हणजे 450, लावला तर एको ठोक्यांच्या फटीत पडतो आणि धून भरल्यासारखी वाटते, पण चिखल होत नाही. पुनरावृत्ती दोन, फार तर तीन. सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतोच. देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागेत तर डिले आणखी कमी करावा, कारण मागची भिंतही एको देते. स्टेजपासून भिंत 20 मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन 40 मीटर चालतो, म्हणजे 115-120 मिलिसेकंद उशीर. स्टेजवर मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) धड नसला की गायक त्या परतलेल्या आवाजाला धरून गातो आणि हळूहळू मागे पडतो. मग ढोलकवाला त्याच्याकडे डोळे वटारून पाहतो. दोष दोघांचाही नसतो.

जुलैतल्या नागपूरचं हवामान वेगळंच छळतं. मे महिन्यात 45 अंशांत लाकूड सुकून आकसतं, तारा फ्रेटला लागून खरखरतात. पावसाळ्यात तेच लाकूड दमट हवेने फुगतं, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. ढोलकचं कातडं सैल पडून आवाज ‘भद्द’ येतो. त्यात सभागृहाचा एसी सुरू झाला की गारव्याने स्टीलच्या तारा आखडतात आणि सूर चढतो. म्हणून वाद्यं तासभर आधी खोळीतून काढून सभागृहातच ठेवावीत आणि शेवटची जुळवणी प्रेक्षक आत आल्यावर, एसी स्थिरावल्यावर करावी. नव्या तारा त्याच दिवशी चढवू नयेत. दोन दिवस आधी चढवून हाताने ताणून घ्याव्यात, नाहीतर नेमक्या धुनेच्या मध्यावर सूर उतरतो. या गाण्यात ते लपवायला जागाच नाही, कारण त्या वेळी दुसरं कोणतंच वाद्य पुढे नसतं.

गिटारमध्ये गुणगुण येते त्याचं खापर साउंडवाल्यावर फोडण्याआधी लाइटचे डिमर बंद करून पाहा. डिमरमुळे विजेच्या लहरी कापल्या जातात आणि गिटारचा पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक), विशेषतः एकाच वेटोळ्याचा, म्हणजे सिंगल कॉइल असेल तर, तो गोंगाट उचलतो. लाइट आणि साउंड वेगवेगळ्या लाइनवर घ्या, गिटारवाल्याने दोन पावलं सरकून दिशा बदलून पाहावी. आणि सहा मीटरपेक्षा लांब जॅकची वायर थेट मिक्सरला ओढू नये. मधे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब वायरसाठी तयार करणारी डबी) घाला, नाहीतर वरची धार जाते आणि खरखर वाढते. अर्थिंग तोडून गुणगुण घालवायचा उद्योग काही जण करतात. माइक आणि गिटार एकाच वेळी हातात-ओठांवर असलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे, करू नका.

आता गाणं. आनंद बक्षींनी ‘एक हसीना थी’ हे गोष्ट सांगितल्यासारखं लिहिलं आहे. एक होती सुंदरी, एक होता वेडा, मग भेट, मग प्रेम, मग दगा, मग पुनर्जन्म. अंतऱ्यातल्या ओळी छोट्या, बहुतांश ‘गालगा गालगा’ (गुरू-लघु-गुरू) अशा तुकड्यांच्या. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं सभागृह असलेल्या गावात गालगा समजावून सांगायची गरज नाही. स्रग्विणी म्हणा की चार ‘र’ गण म्हणा, चाल तीच. या वृत्ताची गंमत अशी की ते सतत पुढे ढकलत राहतं, थांबू देत नाही. गायक कुठे मार खातो, तर मधल्या ‘ल’वर. तो लघु गिळला जातो, मग दोन गुरू एकमेकांना चिकटतात आणि ओळ धावत सुटते. सराव करताना आधी चाल बाजूला ठेवून ओळी नुसत्या टाळीवर म्हणा, लघु स्पष्ट ऐकू येईपर्यंत. श्वास दर दोन तुकड्यांनंतर, चोरून. चार तुकडे एका दमात ओढले की शेवटचा शब्द हवेत जातो आणि यमक त्याच शब्दावर असतं.

बक्षींची एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सिनेमात खून जिपेने होतो, गाण्यात मात्र विष देऊन. गोष्टीतल्या बाईने प्रियकराला विष पाजलं, असं मॉन्टी सांगतो. म्हणजे शब्दांत थेट आरोप नाहीच. कोणी कोर्टात नेलं तर हे एक काल्पनिक नाट्यगीत. आरोप आहे तो धुनेत. ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र नाटकातल्या नाटकातून काकाची परीक्षा घेतो, तिथेही विषच आहे. हा सापळा तिथून उचललेला असावा असं आपलं माझं मत, पण उचलला असेल तर डोकं लावून उचलला आहे. आणि सिनेमाचं नाव असलेला शब्द बक्षींनी अगदी शेवटच्या ओळींसाठी राखून ठेवला. ‘कर्ज’ हा शब्द येतो, ‘फर्ज’शी यमक जुळतं आणि तोवर समोर बसलेल्या कामिनीचा चेहरा उतरलेला असतो. स्टेजवर काय होतं? वेळ वाचवायला शेवटचा अंतरा कापतात. गोष्टीचा निकालच कापला की उरलं काय? कापायचंच असेल तर मधले म्युझिक पीस निम्मे करा, अंतरा नको.

किशोरकुमारने हे गाणं गोष्ट सांगणाऱ्या माणसासारखं धरलं आहे. सुरुवातीला आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर. ज्यांना किशोर म्हणजे यॉडलिंग आणि उड्या एवढंच माहीत आहे, ते इथे पहिल्याच ओळीला सगळा जोर लावतात आणि दगा होतो त्या कडव्यापर्यंत वर चढायला जागा राहत नाही. जोर दहापैकी चारवर सुरू करा, पुनर्जन्माच्या ओळीला आठ, शेवटच्या ओळींना दहा. हळू गाताना माइक ओठांजवळ, पाच-सहा सेंटिमीटरवर न्या. इतक्या जवळ खर्जाचा फुगवटा येतो, म्हणून साउंडवाल्याला 150 हर्ट्झच्या खालचा भाग थोडा कमी करायला आधीच सांगून ठेवा. जोर वाढेल तसा माइक वीतभर लांब.

आशाबाईंच्या वाट्याला गोष्टीतल्या बाईचं बोलणं आहे, म्हणजे खोटं प्रेम. इथे गायिका दोन टोकांच्या चुका करतात. एक तर मनापासून गोड गातात किंवा कॅब्रेसारखं लाडिक. गोड गावं, पण शब्द थोडे जास्त नीट उच्चारावेत, पाठ केलेला संवाद म्हटल्यासारखे. पडद्यावर टीना मुनीम कामिनीचं सोंग घेऊन हे म्हणते, म्हणजे सोंगाचं सोंग. एवढं कळलं की आवाज आपोआप जागेवर येतो.

पट्टीचं भांडण मात्र अटळ. हौशी पुरुष गायक काळी एक-काळी दोनच्या आसपास रमतात, बायकांचा गळा काळी चार-पाचला. द्वंद्वगीत एकाच पट्टीत असतं. पुरुषाला वरची ओळ झेपत नाही म्हणून ट्रॅक तीन अर्धस्वर खाली आणला की गायिकेचा मुखडा खर्जात बुडतो. ठरवण्याची रीत सोपी आहे. पुरुषाने आपली सर्वांत वरची ओळ आणि बाईने आपली सर्वांत खालची ओळ सलग तीनदा म्हणायची. तिसऱ्यांदाही दोघांना जमते ती पट्टी. बहुधा मूळपेक्षा एक, फार तर दोन अर्धस्वर खाली. कराओके ट्रॅक त्याहून खाली ओढला तर ढोलक आणि सिंबलचा आवाज चिकट होतो, तसं करायचं नाही. आणि पट्टी बदलली की गिटारवाल्याला आठवडाभर आधी कळवायचं. मोकळ्या तारेवर वाजणारा सूर आता दाबून वाजवावा लागतो, धुनेचा पोतच बदलतो. अशा वेळी पट्टी खाली आली असेल तर सगळी गिटार तेवढीच उतरवून लावणं जास्त बरं; कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) फक्त पट्टी वर गेली तरच उपयोगी.

नुसत्या ट्रॅकवर गाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फोन एअरप्लेन मोडवर आणि आवाज वायरने मिक्सरला. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोहोचतो, त्यामुळे फोनवरचे शब्द गाण्याच्या पुढे धावतात आणि वाचून गाणारा घाईत उठतो. शब्द छापील कागदावर घ्या. त्याहून उत्तम म्हणजे पाठ करा, गोष्ट सांगणारा माणूस कागदात पाहून सांगत नाही.

निवेदकाला हात जोडून एक विनंती. गाण्याआधी अख्खी कथा सांगू नका. तीन वाक्यं पुरतात: एका माणसाला न जगलेल्या आयुष्याच्या आठवणी येतात. त्या आठवणींत त्याचा खून झालेला आहे. आज खुनी प्रेक्षकांत आहे आणि हा माणूस गिटार उचलतो. मग गप्प व्हा आणि लाइट कमी होऊ द्या. गिटारचा पहिला सूर निवेदकाच्या आवाजावर पडला की सगळं गेलं. आणि धून सुरू झाल्यावर टाळ्यांची फर्माईशही करू नये.

बाकीची गाणी थोडक्यात. ‘ओम शांति ओम’ला प्रेक्षकांना सवाल-जवाबात ओढायचं असतं. पडद्यावर फिरत्या महाकाय तबकडीवर ऋषी कपूर जे करतो, ते आपल्याकडे टाळ्यांवर होतं. पण सातशे लोकांच्या टाळ्या हमखास लय चढवतात. जिवंत ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवाल्याने मागे ओढून धरायचं. ट्रॅक असेल तर तो कोणासाठी थांबत नाही, म्हणून टाळ्या फक्त मुखड्याला मागायच्या. ‘दर्द-ए-दिल’ रफींनी किती अलगद ठेवलं आहे! तिथे दुःख दाखवायला आवाज कापवू नये. ‘मैं सोलह बरस की’ लता-किशोरचं, खेळकर. ते सोळा वर्षांच्या माणसानेच गावं असा नियम नाही, पण अंगात थोडी चपळाई हवी.

या संगीताला 1981 मध्ये उत्कृष्ट संगीतकाराचं फिल्मफेअर मिळालं, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं ते लागोपाठ चौथं. गंमत म्हणजे सिनेमा मात्र त्याच जूनमध्ये आलेल्या ‘कुर्बानी’च्या लाटेत सापडला. गाणी टिकली आणि गाण्यांनी सिनेमाला मागून ओढून आणलं. 2007 चा ‘ओम शांति ओम’ तर नावापासून या सिनेमाचा ऋणी. पुनर्जन्म, सूड, शेवटी स्टेजवरच्या गाण्यातून खुनाची उजळणी, सगळा सांगाडा तोच. त्यात 1977 साली ‘कर्ज’च्या गाण्याचं चित्रीकरण चालू दाखवलं आहे, म्हणजे तीन वर्षं आधीच. चालायचंच. 2008 चा हिमेश रेशमियाचा रिमेक पाहिला की मूळ सिनेमातली गिटार का एकटी ठेवली होती ते नीट कळतं. तिथे सगळंच एकाच मोठ्या आवाजात आहे.

कार्यक्रमातला क्रम असा लावावा: ‘दर्द-ए-दिल’ पूर्वार्धात, लोक स्थिरावल्यावर. ‘ओम शांति ओम’ मध्यंतराच्या लगेच आधी, म्हणजे चढलेल्या हाताच्या टाळ्या घेऊन लोक चहाला जातील. ‘एक हसीना थी’ उत्तरार्धात, पण शेवटून दुसरं-तिसरं. अगदी शेवटी ठेवलं तर नऊ वाजता बसचा आणि पार्किंगचा विचार करत उठलेली पहिली दहा माणसं नेमकी त्या सुन्न जागेत दरवाजा उघडतात. त्याला वन्स मोअर आलाच तर पूर्ण गाणं पुन्हा घेऊ नका, त्याऐवजी ‘पैसा ये पैसा’ तयार ठेवा. गिटारवाल्याला तेवढ्या वेळात तारा पुन्हा जुळवता येतात.